पणजीचं नाव लेकीला ठेवावं का? (बारसं रविवारी आहे, प्लीज मदत करा)

नाशिकची_लेक (बुधवार, रात्री ११.४०)
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. एका हातावर आठ दिवसांची लेक झोपलीये आणि दुसऱ्या हाताने टाइप करतेय, चुका समजून घ्या.

बाळंतपणाला माहेरी नाशिकला आलेय, सासर सांगलीचं, आणि आम्ही दोघं राहतो हैदराबादला. बारसं बाराव्या दिवशीच, रविवारी करायचं ठरलंय पण नावाचा पत्ता नाही. माझ्या नवऱ्याला त्याच्या आजीने वाढवलं, सासूसासरे दोघंही नोकरीला जायचे, त्यामुळे न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं आजीच. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांचं नाव कृष्णाबाई. मुलगी झाली हे कळल्यावर नवरा पहिलं काय बोलला असेल तर "कृष्णा आली". तेव्हापासून तो तिला त्याच नावाने हाक मारतोय.

नणंदेला ते आवडत नाहीये. कानात नाव सांगणारी आत्या तीच, त्यामुळे तिचा मान आहेच, आणि ती प्रेमानेच म्हणते की वहिनी इतकं जुनं नाव नको, शाळेत पोरं चिडवतील. तिने ॲपवरून काढून चाळीस नावं पाठवलीत. त्यात गुरुजींनी पत्रिका करून सांगितलं, हस्त नक्षत्र, चौथं चरण, अक्षर "ठ". आता ठ वरून काय ठेवणार? मला स्वतःला कृष्णा नाव आवडतं पण मुलीला उद्या त्रास नको. तुम्ही तुमच्या मुलांची नावं कशी ठरवलीत? मनापासून सांगा.

कोल्हापूरकर (बुधवार, रात्री ११.५८)
अभिनंदन ताई! ठेवा की बिनधास्त. आमच्याकडं थोरल्या पोराला आज्याचं नाव ही रीतच हाय, पेशव्यांच्यात बघा ना, बाळाजी विश्वनाथांचा नातू परत बाळाजी. फक्त पूर्वी अडचण एकच व्हायची की सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग स्वतःच्या पोराला हाक काय मारणार, म्हणून आप्पा, बाळ, दादा अशी दुसरी नावं पडायची आणि तीच जन्मभर चिकटायची. टिळकांचं सुद्धा नाव केशव होतं, लोकांच्या तोंडी राहिलं ते बाळ. आमच्या घरात माझं नाव आज्याचंच, आईनं मला आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही, "बाळू"च. पण सांगतो, गावात गेलं की म्हातारी माणसं माझं नाव ऐकून दोन मिनिटं थांबतात, आज्याच्या गोष्टी सांगतात. एवढ्यासाठी तरी ठेवावं असं मला वाटतं.

हस्ताक्षर (गुरुवार, सकाळी ६.२०)
ठ चं टेन्शन घेऊ नका. नक्षत्रं २७, प्रत्येकाची चार चरणं, म्हणजे १०८ अक्षरं, हे अवकहडा चक्र. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. आता ण वरून कुणाचं नाव सुरू होतं सांगा. आर्द्रेला ङ आहे, उत्तराभाद्रपदेला ञ आहे. म्हणजे हे चक्र करणाऱ्यांनाही ठाऊक असणारच की प्रत्येक अक्षरावरून हाक मारायचं नाव निघणार नाही. म्हणून तर नावरस नाव पत्रिकेत वेगळं लिहितात आणि व्यवहाराचं वेगळं ठेवतात. माझ्या आईच्या पत्रिकेत ठमा आहे, घरात कुणी एकदाही ती हाक मारली नाही. गुरुजींना सांगा पत्रिकेत ठमा किंवा ठकू लिहा, ते लगेच हो म्हणतील.

चारमिनार_मराठी (गुरुवार, सकाळी ९.०५)
आम्ही हैदराबादला १६ वर्षं आहोत म्हणून स्पष्ट सांगते, इथे कृष्णा म्हणजे पुरुष. माझ्या ऑफिसात चार कृष्णा आहेत, चारही बाप्ये. तुमच्या मुलीला डॉक्टरकडे, शाळेत, कुरियरवाल्याकडे, सगळीकडे आधी "बाबू" म्हणतील. पण गंमत अशी की नदीचं नाव म्हणून कृष्णवेणी हे तेलुगू बायकांचं अगदी नेहमीचं नाव आहे. नदी तीच, तुमच्या सांगलीवरून वाहते तीच पुढे आंध्रात जाते. कृष्णवेणी ठेवलंत तर दोन्हीकडे कुणाला काही समजावून सांगायला लागणार नाही. किंवा मग कृष्णाई.

अन्वयार्थ (गुरुवार, सकाळी १०.३०)
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझं नाव माझ्या काकाचं आहे, तो १९ व्या वर्षी गेला आणि चार वर्षांनी मी जन्मलो. आजी मला मांडीवर घेऊन रडायची हे मला अजून आठवतं. मी काहीही केलं की "त्याच्यासारखंच" आणि नाही केलं की "तो असता तर". कुणी मुद्दाम करत नव्हतं पण मी चाळिशीपर्यंत दुसऱ्याचा शर्ट घालून फिरत होतो असं वाटतं. तुमच्या आजी पिकल्या वयात, भरल्या घरातून गेल्या असतील तर गोष्ट वेगळी, तरी नवऱ्याशी एकदा नीट बोला. त्याला मुलगी झालीये का आजी परत आलीये हे त्याचं त्याला स्पष्ट असायला हवं. मी माझ्या मुलाचं नाव घराण्यात आधी कुणाचंच नसलेलं ठेवलं, शोधायला तीन महिने घेतले, तोपर्यंत जन्मदाखल्यावर नावाची जागा रिकामी होती.

बर्लिनवारी (गुरुवार, दुपारी २.१५)
मुलाचं की मुलीचं या मुद्द्यावरून आठवलं म्हणून लिहितेय. जर्मनीत नाव नोंदवायला सरकारी कार्यालयात जावं लागतं आणि तिथला अधिकारी नाव नाकारू शकतो, पूर्वी तर नावावरून मुलगा की मुलगी हे कळलंच पाहिजे असा आग्रह होता. एका भारतीय वंशाच्या जोडप्याला मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं, कार्यालयाने अडवलं, म्हणे किरण दोन्हीकडे चालतं, सोबत स्पष्ट मुलीचं असं दुसरं नाव जोडा. ते लोक थेट तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. आपल्याकडे किरण बेदी आणि किरण मोरे एकाच काळात पेपरात असायचे, कुणाचं काही अडलं का? माझ्या मुलीच्या वेळी आम्हाला नावाचा अर्थ विचारला आणि मुलीचं आहे ना एवढंच विचारलं. तेव्हा हैदराबादला चार जण "बाबू" म्हणाले तर ती पाच वर्षांची झाली की स्वतःच सांगेल, मी मुलगी आहे. नाव बदलायला ते कारण पुरेसं वाटत नाही मला.

गुंजमाळ (गुरुवार, दुपारी ४.५०)
संस्कृत शिकवते म्हणून थोडं. कृष्णा हे व्याकरणानेच स्त्रीलिंगी आहे, द्रौपदीचं नाव कृष्णा. अर्थ काळीसावळी. नदीवरून म्हणा की द्रौपदीवरून म्हणा, मुलीचंच नाव आहे, पुरुषाचं असेल तर कृष्ण. आपल्याकडे वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो, नदीला बाई म्हणणारे आपण लोक.

आणि ॲपवरच्या यादीबद्दल हात जोडून सांगते, प्रत्येक नावाचा अर्थ कोशात बघितल्याशिवाय ठेवू नका. माझ्याकडे पालक विचारायला येतात, बारसं होऊन गेल्यावर. विवान म्हणजे काय हो मॅडम? संस्कृतात विवस्वान् आहे, सूर्य, गीतेच्या चौथ्या अध्यायात पहिल्याच श्लोकात येतो, विवान मला कोशात सापडत नाही. रियांश, कियांश वगैरेंत अंश तेवढा खरा, म्हणजे भाग, पण कशाचा भाग ते आधीच्या अक्षरांत नाही. साइटवर मात्र सगळ्यांचा अर्थ "विष्णूचा अंश" नाहीतर "पहिला किरण". नवीन नाव हवंच असेल तर किती सुंदर शब्द पडून आहेत. उर्वी म्हणजे पृथ्वी, शर्वरी म्हणजे रात्र, क्षितिजा म्हणजे सीता, क्षितीपासून जन्मलेली, वल्लरी म्हणजे वेल. संस्कृत नको असेल तर मराठीतच बघा, ओवी, सई, सायली, अबोली. ओवी नाव ऐकलं की माझ्या डोळ्यासमोर दळणाचं जातं येतं.

शाळेतल्या_बाई (गुरुवार, रात्री ९.१०)
२३ वर्षं प्राथमिक शाळेत आहे, पहिली आठ पालघरच्या पाड्यांवर, मग सातारा जिल्ह्यात. पालघरला हजेरी घेताना सोम्या, मंगळ्या, बुधी, शुकऱ्या, ज्या वारी जन्मला त्या वाराचं नाव. मला सुरुवातीला वाटायचं घरच्यांनी विचारच केला नाही, मग एका आजीने सांगितलं की बाई, वार देवाने दिला, आम्ही कशाला बदलायचा. तेव्हापासून मी ती नावं वेगळ्या कानाने ऐकते.

साताऱ्यात मात्र एका नावाने मला खूप रडवलं. नकुशा. तिसरी चौथी मुलगी झाली की ठेवायचे, म्हणजे नकोशी, पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. रोज हजेरीला मी ते नाव मोठ्याने घ्यायचे आणि ती "हजर" म्हणायची. २०११ साली जिल्ह्यात मोहीम काढून अशा २८५ मुलींना नवीन नावं दिली, बहुतेकींनी आपलं आपण निवडलं. माझ्या वर्गातली एक नाव सुचेना म्हणून दोन दिवस अस्वस्थ होती, शेवटी तिने मैत्रिणीचंच नाव मागितलं.

चिडवण्याबद्दल: माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी तुळसा आली. पहिल्या आठवड्यात हसले, मी तिला विचारलं हे नाव कुणाचं ग, ती ताठ उभी राहून म्हणाली माझ्या पणजीचं, तिने एकटीने विहीर खणून घेतली होती. कुणी परत हसलं नाही. मुलाला नावामागची गोष्ट ठाऊक असली की ते मूल खंबीर राहतं, हे मी शेकड्याने पाहिलंय. उलट आता एका वर्गात तीन तीन सारखी नावं असतात आणि त्यांना मी आडनावाच्या पहिल्या अक्षराने हाक मारते, ते मला जास्त वाईट वाटतं.

निळी_शाई (गुरुवार, रात्री ११.३०)
बाईंची पोस्ट वाचून लिहावंसं वाटलं. आजीआजोबांचं नाव पुढे न्यायचं, हे ज्यांच्याकडे पुढे न्यावं असं नाव होतं त्यांच्यासाठी आहे. माझ्या आजोबांचं नाव कचरू. पणजोबा धोंड्या. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकणाऱ्याला घाण वाटावी असं. आमची नावं कुठून आली हे मला कॉलेजात ते वाचल्यावर कळलं, आणि बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते का जाळलं तेही.

आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होते. परत आले आणि त्यानंतर घरात जन्मलेल्या प्रत्येकाचं नाव त्यांनी स्वतः ठेवलं. माझे वडील सिद्धार्थ, आत्या संघमित्रा आणि सुजाता, धाकटे काका राहुल. अक्षरओळख नसलेला माणूस, पण गावात मोठ्याने हाक मारायचा, संघमित्रा! चारही अक्षरं नीट उच्चारून. आत्या म्हणते त्या हाकेला आजूबाजूची घरं गप्प व्हायची. माझ्या मुलाचं नाव मी मैत्रेय ठेवलं. आजोबांचं नाव ठेवलं नाही कारण त्यांनाच ते नको होतं, पण नाव ठेवायची त्यांची रीत मी ठेवली.

कोल्हापूरकर (शुक्रवार, सकाळी ७.१५)
निळी शाई, वाचून गप्प बसलो. एकच जोडतो, केरू, धोंडू, भिकू ही नावं सगळ्याच जातीत सापडतात, पोरं जगायची नाहीत तेव्हा दृष्ट लागू नये, काळानं उचलू नये म्हणून आई मुद्दाम असलं नाव ठेवायची. माझ्या पणजीचा भाऊ भिकाजी तसाच.

निळी_शाई (शुक्रवार, सकाळी ७.५०)
हो, तेही खरं आहे, आमच्यातही तशी होती. पण भिकाजीला गावात कुणीतरी भिकाजीराव म्हणत असेल ना? कचरूला कचऱ्याच म्हणायचे. फरक तिथे आहे.

कोल्हापूरकर (शुक्रवार, सकाळी ८.०२)
बरोबर आहे तुमचं.

नोंदणीवाले_काका (शुक्रवार, सकाळी ११.००)
मी जन्ममृत्यू नोंदणीत नोकरी करून निवृत्त झालो आहे. भावना महत्त्वाच्या आहेतच पण कागद आधी. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, ती नावाशिवाय होते, त्यामुळे नाव ठरत नाही म्हणून नोंद थांबवू नये. नाव नोंदणीपासून १२ महिन्यांत फुकट घालता येतं, नंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा घातलं की बदलायला फार खेटे पडतात, म्हणून स्पेलिंग चार जणांकडून तपासून घ्या. ऋ ला आपण रु म्हणतो म्हणून जुन्या कागदांवर कृष्णा "के आर यू" असतं आणि हल्ली "के आर आय" लिहितात. ऋतुजाचं तसंच, ज्ञानेश्वरचं आपल्याकडे "डी एन वाय ए", उत्तरेत "जी वाय ए". एकाच मुलाचं दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरं अशी किती तरी प्रकरणं मी पाहिली आहेत आणि त्या आईबापांचे चेहरे अजून आठवतात. दुसरं, १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. तुमचंही नाव लेकीच्या नावात येणार आहे, तेव्हा तुमचं स्पेलिंगही बघा.

जाईजुई (शुक्रवार, दुपारी ३.२५)
सगळं वाचलं. एक विचारू का ग? कृष्णाबाई हे आजींचं माहेरचं नाव की सासरचं? म्हणजे त्या काळी लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहायचे, नवऱ्याच्या नावाला शोभेल असं, आणि मुलगी त्या दिवसापासून दुसरीच कुणीतरी व्हायची. माझ्या आजीला आम्ही जन्मभर रमाबाई समजत होतो. ती गेल्यावर तिच्या पेटीत चौथीची मार्कशीट निघाली त्यावर यमुना. कुणालाच ठाऊक नव्हतं, माझ्या वडिलांना, तिच्या पोटच्या मुलालाही नाही. मी तेव्हा गरोदर होते आणि मला फार लागलं ते. आजीचं नाव ठेवायचं असेल तर आधी तिचं नाव कोणतं ते विचारून घे एवढंच.

नाशिकची_लेक (शुक्रवार, रात्री १०.४५)
जाईजुई, तुमची पोस्ट वाचून मी नवऱ्याला लगेच फोन केला. त्याला माहीत नव्हतं. सासऱ्यांना विचारलं, त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, ते म्हणाले माझे वडील विष्णू, म्हणून कृष्णा केलं असेल. आजींचे धाकटे भाऊ आहेत भुईंजला, ८८ वर्षांचे, त्यांना उद्या सकाळी फोन करणार आहेत. अन्वयार्थ, तुमचं पण नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की हो, मी थोडं तसंच करत होतो.

चारमिनार_मराठी (शनिवार, सकाळी ८.४०)
वाट बघतेय ग. काय म्हणाले मामाआजोबा?

नाशिकची_लेक (शनिवार, दुपारी १.१०)
बकुळा. आजींचं नाव बकुळा होतं. मामाआजोबांनी क्षणाचाही विचार केला नाही म्हणे, सासऱ्यांनी विचारलं, मामा, आईचं माहेरचं नाव काय, आणि पलीकडून लगेच आलं, "आक्का? बकुळा." मग ते सांगत सुटले की गावात नदीच्या वाटेवर बकुळीचं झाड होतं, लग्नाआधी ही तिथून परकरात फुलं भरून आणायची, आणि लग्नानंतर माहेरपणाला आली की वडील वेशीपासूनच बकुळे बकुळे म्हणत यायचे. चौदाव्या वर्षी लग्न झालं. वडील गेल्यावर ती हाक मारणारं कुणी उरलं नाही, भाऊ तर आक्काच म्हणायचे. सासरे फोन ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आता घरात दोन तट आहेत. नवरा म्हणतो मी तिला कृष्णा म्हणूनच ओळखतो, सत्तर वर्षं त्या नावाला ओ दिली तिने, ते काय खोटं होतं का? आणि नणंद, जी जुनं नाव नको म्हणत होती, ती आता बकुळाच म्हणतेय. माझं मत बकुळाकडे झुकतंय पण नवऱ्याचं मन मोडून नाही.

बर्लिनवारी (शनिवार, दुपारी १.५५)
अंगावर काटा आला. बकुळाला माझ्याकडून खूप सारं प्रेम. ळ चं काय पण? बाहेर सगळे बकुला म्हणतील.

चारमिनार_मराठी (शनिवार, दुपारी २.०५)
अग तेलुगूत ळ आहे! इथले लोक अगदी नीट बकुळा म्हणतील, आपल्या पुण्यातल्या काही मुलांपेक्षा चांगलं.

अन्वयार्थ (शनिवार, दुपारी ४.३०)
मी आधी विरोधात लिहिलं होतं तरी सांगतो, हे मला पटतंय. कृष्णाबाई या आजीला तुमच्या घरात सगळे ओळखतात, तिच्या सवयी, तिचा स्वयंपाक, सगळं ठाऊक आहे, त्यामुळे तुलना होणारच. बकुळाला कुणी ओळखत नाही. मुलीला त्या नावात वावरायला जागा आहे. नवऱ्याला हे वाचून दाखवा, त्याला घाई करू नका.

गुंजमाळ (शनिवार, सायंकाळी ६.००)
बकुळीची फुलं सुकली तरी वास जात नाही, हे वेगळं सांगायला नकोच. कोशात बघायची गरज नसलेलं नाव आहे.

नाशिकची_लेक (रविवार, रात्री १०.२०)
झालं बारसं. सगळ्यांना सांगायला आलेय, पाय दुखतायत पण झोप येत नाहीये.

सकाळपर्यंत नवऱ्याने काही सांगितलं नव्हतं. सांगलीहून सगळे आले, पाळणा बांधला, आईने हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या, वरवंट्याला अंगडं टोपडं घातलं आणि पाळण्याच्या खालून वरून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं. नणंद कानाशी वाकली तेव्हा नवराच पुढे झाला आणि तिला म्हणाला, "ताई, बकुळा सांग." मग कुर्र्र्र, आणि आम्ही सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाधप. गुरुजींनी पत्रिकेत ठमा लिहिलंय.

नवरा तिला घरात कृष्णा म्हणणार आहे, ते त्याचं त्याचं. मी हो म्हटलं.

संध्याकाळी मामाआजोबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना दिसत कमी, मोबाइल अगदी डोळ्याशी धरला होता. सासऱ्यांनी सांगितलं, मामा, नाव बकुळा ठेवलंय. ते काहीच बोलले नाहीत, मला वाटलं ऐकू गेलं नाही म्हणून मी बाळाला जवळ नेलं. तेव्हा ते "बकुळे" म्हणाले, आणि परत एकदा, जरा मोठ्याने, म्हणजे लांबून हाक मारतात तसं.

नोंदणीवाले_काका (रविवार, रात्री १०.४०)
खूप आनंद झाला. उद्या तेरावा दिवस आहे, मुदतीत आहात. फॉर्ममध्ये मराठीत ळ लिहायला सांगा, बरेचदा घाईत ल टाइप होतो. प्रत हातात घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.